नाव ठेवायला जागा

वऱ्हाडात जन्मलेल्या पोराचं नाव त्याची आत्या ठेवते आणि वऱ्हाडात लिहिलेल्या पुस्तकाचं नाव आमचे भाऊजी ठेवत. आत्यांकडून यात अधूनमधून चूक होते. दिवसभर गल्ली डोक्यावर घेणाऱ्या पोराचं नाव शांताराम पडल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. भाऊजींकडून चूक होणं शक्यच नव्हतं, कारण चूक व्हायला आधी पुस्तक वाचावं लागतं. मेळघाटाच्या पायथ्यापासून मूर्तिजापूरच्या फाटकापर्यंत ज्या कुणाला नाटक, कादंबरी किंवा गणपतीची पदं झाली, तो आपलं बाड काखोटीला मारून अमरावतीला अंबागेटच्या आतल्या बोळात, त्यांच्या छापखान्यात येई. भाऊजी ते बाड दोन्ही हातांत घेऊन टरबुजासारखं तोलत, कानाशी नेऊन त्यावर एक टिचकी मारत, डोळे मिटत आणि पाच मिनिटांत नाव देत. एखादा लेखक काकुळतीला येऊन म्हणे, "निदान पहिलं पान तरी बघा हो." त्यावर भाऊजी डोळे न उघडताच विचारत, "आत्या काय बाळ वाचून नाव ठेवते?" लोकांना नावं ठेवणं हा आमच्याकडे घरोघरी चालणारा जोडधंदा आहे. तो मुख्य धंदा म्हणून, दारावर पाटी लावून करणारे भाऊजी एकटेच.

पाच मिनिटांत सुचणाऱ्या या नावात एक शब्द मात्र ठरलेला असे: घोंगडं. एखादं प्रकरण निकालात निघत नाही, कुणी हो म्हणत नाही नि नाहीही म्हणत नाही, तेव्हा आपण 'त्याचं घोंगडं भिजत पडलं' असं म्हणतो आणि पान लावायला घेतो. आपण म्हणून सोडून देतो. भाऊजींनी सोडलं नाही. नांदगाव पेठेच्या एका उत्साही मास्तरांनी रामाच्या वनवासावर पाच अंकी नाटक लिहिलं. ते 'संगीत घोंगडे-वनवास' या नावानं छापून निघालं. मास्तर रडकुंडीला आले, तर भाऊजींनी त्यांनाच दटावलं, "चौदा वर्षं राज्याभिषेक लांबला. मग हे घोंगडं नाही तर काय उपरणं?" एका वैद्यांच्या पुस्तिकेला त्यांनी 'पोटातले घोंगडे अर्थात् बद्धकोष्ठविचार' असं नाव दिलं. तिची आवृत्ती हातोहात खपली. ती नावामुळे खपली की विषयामुळे, यावर वैद्य आणि भाऊजी मरेपर्यंत भांडत होते. चिखलदऱ्याला जंगलखात्यात नोकरी करणारे एक हळवे कवी पावसाच्या कविता घेऊन आले, त्यांना 'भिजल्या घोंगड्याची गाणी' मिळाली. कवी कळवळून म्हणाले, "साहेब, आमच्या चिखलदऱ्याला चार महिने तो वाक्प्रचार नसतो हो. तो दोरीवर टांगलेला असतो."

यामागे भाऊजींचं तत्त्वज्ञान होतं, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय छापखान्यातून कुणाची सुटका नव्हती. "शीर्षक म्हणजे काय?" ते तर्जनीवरची शाई हवेत फिरवत विचारत. "शीर्षक म्हणजे न मिटलेली गोष्ट. मिटलेलं भांडण बघायला रस्त्यात कुणी थांबतं का? शीर्षकात घोंगडं भिजत ठेवा, वाचक वाळवायला धावत येतो. आपल्या प्रांताचंच नाव बघा. मध्यप्रांत व वऱ्हाड! त्या 'व'वर काय वाळत घातलंय सांगा? मालकी हैदराबादची, कचेरी नागपूरची, हुकूम विलायतेचा आणि वऱ्हाड कुणाचं, तर भिजत पडलेलं. हैदराबादच्या राजपुत्राला वऱ्हाडचा युवराज म्हणून किताब दिला. किताब मिळाला, वऱ्हाड मिळालं नाही. याला म्हणतात शीर्षक!" समोरचा लेखक घाबरून दाराकडे बघे. एवढ्या मोठ्या साम्राज्याला जे चुकलं नाही ते आपल्या चार आण्यांच्या कादंबरीला कसं चुकणार, असं वाटून तो बिचारा निमूट घोंगडं पांघरून घरी जाई.

खरी गोष्ट मला छापखान्यातल्या चाचांनी सांगितली. चाचा म्हणजे खिळे जुळवणारे म्हातारे जुळारी. चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला, शिक्षण उर्दू शाळेत झालेलं, आणि हयात शिशाच्या उलट्या अक्षरांत गेल्यामुळे मराठी सुलटी वाचताना अडखळत, पण उलटी घडाघडा वाचत. मी तेव्हा अमरावतीच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो, त्यामुळे चाचा मला मास्टरजी म्हणत. एकदा इकडेतिकडे बघून ते म्हणाले, "मास्टरजी, फलसफा-वलसफा कुछ नहीं. बडे हरफ अपने पास एकच लफ्ज के हैं." झालं होतं असं, की फार पूर्वी एका घोंगडी विकणाऱ्यानं भिंतीवर चिकटवायची जाहिरात सांगितली, म्हणून भाऊजींनी परतवाड्याहून हातभर लांबीचा सागवानी ठसा कोरून आणला: 'घोंगडे'. घोंगडीवाला आपली मेंढरं घेऊन जो गेला तो पुन्हा उगवला नाही. छापखान्यातले बाकीचे खिळे मुंगीएवढे. मुखपृष्ठावर मोठी अक्षरं हवीत तर ती एवढीच होती. वऱ्हाडातल्या एका पिढीच्या साहित्यावर घोंगडं पडलं ते असं.

आता ते माझे भाऊजी कसे, हे सांगायला हवं, कारण मी सांगतोय त्या काळात ते माझे भाऊजी नव्हतेच. होणारे होते. आठ वर्षं होणारे होते.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणायचो, अकोल्याला मुलींच्या शाळेत मराठी व्याकरण शिकवायची. तिचा दरारा असा, की तिच्या वर्गातल्या मुली शिंकतानाही विभक्तीचा प्रत्यय सांभाळून शिंकत. बाबांचा अंजनगाव सुर्जीला पानमळा. तिथे अक्काला बघायला भाऊजी आले, तेव्हा त्यांच्यामागे आईवडील नव्हते. दर्यापूरची त्यांची मोठी आई, म्हणजे थोरली चुलती, तेवढी सोबत होती. पोहे खाऊन झाल्यावर भाऊजींनी अक्काला प्रश्न केला, "घोंगडं या शब्दाचं लिंग कोणतं?" अक्का म्हणाली, "नपुंसकलिंग. आणि तुमच्या मिशीला शाई लागली आहे." भाऊजी तिथल्या तिथे खलास झाले. अक्कानंही संध्याकाळी आईला सांगितलं, "चालेल. शुद्धलेखन बरं असावं." सगळं जुळलं. निघताना भाऊजी आनंदाच्या भरात म्हणाले, "पत्रिका मी स्वतः छापीन. वर 'शुभविवाह' असलं शिळं नाव नको. अख्ख्या वऱ्हाडात झालं नाही असं शीर्षक देऊ." आम्ही कौतुकानं माना डोलावल्या. त्या माना पुढे आठ वर्षं डोलतच राहिल्या.

कारण पाच मिनिटांत दुसऱ्यांच्या पोथ्यांना नावं देणाऱ्या या माणसाला स्वतःच्या पत्रिकेचं नाव सुचेना. पहिल्या वर्षी 'मंगलयोग' जुळवलं आणि मोडलं. "योग कसला? मी काय त्यांना वाटेत सापडलो?" दुसऱ्या वर्षी 'सहजीवन' आलं, ते त्यांना एकाएकी सहकारी दूधडेअरीसारखं वाटायला लागलं. तिसऱ्या वर्षी व्याकरणाच्या बाईंचा मान म्हणून 'द्वंद्वसमास' ठरलं, पण द्वंद्व म्हणजे मारामारी असं कुणीतरी कानात सांगितलं. चौथ्या वर्षी 'घोंगडेपूर्ती' असा कच्चा छाप त्यांनी अकोल्याला पाठवला, त्यावर अक्काचं एका शब्दाचं कार्ड आलं: 'नाही.' बाकी प्रत्येक छाप अकोल्याहून तांबड्या शाईत दुरुस्त होऊन परत येई, आणि खाली अक्का दोन ओळी लिही: शाळेत काय झालं, मोर्णा नदीला किती पाणी आलं, कुठली मुलगी 'विद्यार्थिनी' हा शब्द बरोबर लिहायला शिकली. त्यांचं प्रेमप्रकरण म्हणायचं तर ते एवढंच. आठ वर्षं एक माणूस शीर्षकं पाठवी आणि दुसरं माणूस त्यातल्या वेलांट्या दुरुस्त करी.

तिकडे अंजनगावात प्रत्येक दिवाळीला भाऊजी जावयाच्या थाटात येत. पाट, रांगोळी, वरणात वाटीभर तूप, सगळं जावयाचं. नातं तेवढं व्हायचं राहिलेलं. गल्लीत सगळे त्यांना 'होणारे जवाई' म्हणत. ते इतकं रुळलं, की नव्यानं आलेल्या पोस्टमनला 'होणारे' हे आडनाव वाटलं आणि त्यानं पलीकडच्या आळीतल्या सोनारे नावाच्या कुटुंबाची दोन महिन्यांची पत्रं आमच्या ओसरीत टाकली. बाबा पानमळ्याचे माणूस, आयुष्य पाण्यात नि पानांत गेलेलं. तोडलेली विड्याची पानं ओल्या फडक्यात राखावी लागतात, हे त्यांना जन्मापासून माहीत. एका दिवाळीला त्यांनी भाऊजींच्या पानात चौथी पुरणपोळी वाढायला लावली आणि म्हणाले, "जवाईबापू, पानं भिजत ठेवतेत. पोरगी नाही ठेवत कोनी भिजत."

भाऊजींनी हातातला घास खाली ठेवला. "वा! बाबा, काय शीर्षक दिलंत!" आणि डाव्या हातानं खिशातली वही काढून ते लिहूनसुद्धा घेतलं.

बाबा बघत राहिले. मग आईला म्हणाले, "तुळशीचं लगन आठ डाव लागलं आपल्या आंगनात. आता त त्या तुळशीलेबी लाज वाटून राहिली असन."

त्यानंतरच्या श्रावणात बाबांनी जे केलं, ते अमरावतीत अजून सांगतात. मी शनिवारची शाळा सुटल्यावर छापखान्यात बसलो होतो. भाऊजी एका कीर्तनकाराची पोथी कानाशी धरून टिचकी मारत होते. तेवढ्यात दारात टांगा थांबला आणि टांग्यातून बाबा उतरले. त्यांच्यामागून टांगेवाला आणि बाबा मिळून एक काळं, ठिबकणारं धूड ओढत आत आले, आणि ते धूड त्यांनी भाऊजींच्या टेबलावर भद्दकन टाकलं. टेबलाचा एक पाय तिथेच गेला.

"घ्या," बाबा धापा टाकत म्हणाले. "आठ वर्सं आयकून राहिलो, घोंगडं भिजत पडलं, घोंगडं भिजत पडलं. पाह्यलं होतं कधी? हे पाहा, असं अस्ते ते. दोन दिवस मळ्याच्या विहिरीत बुडवून आनलं. आता वाळवा."

दुसरा कुणी असता तर शरमेनं कोळसा झाला असता. भाऊजी उठून त्या धुडाभोवती फिरले. जन्मभर घोंगड्यावर जगलेल्या या माणसानं ओलं घोंगडं पहिल्यांदाच बघितलं होतं. त्यांनी बोट लावलं, वास घेतला, चिमटीत लोकर धरून पाहिली. मग गंभीरपणे म्हणाले, "बाबा, थोडा घोटाळा झालाय. ही घोंगडी आहे. स्त्रीलिंगी. भिजत पडतं ते घोंगडं."

"लिंग मंग पाहा जवाईबापू," बाबा म्हणाले. "आदी उचला."

उचलता येईना. कोरडी घोंगडी खांद्यावर टाकून धनगर दिवसभर हिंडतो. पण ती पाणी प्यायली, की तिच्यापुढे हत्तीचं पिल्लू हलकं. मी, चाचा आणि भाऊजी अशा तिघांनी मिळून ती कशीबशी छापलेले कागद वाळवायच्या तारेवर टाकली. तार तुटली. मग ती आढ्याला टांगली, तर खाली रचलेल्या 'संगीत घोंगडे-वनवास'च्या चारशे जाहिराती तिच्या धारेखाली सापडून त्यांचे पापड झाले. नऊ दिवस ती घोंगडी ठिबकत होती. मेंढराच्या वासानं अंबागेटातली कुत्री दारासमोर येऊन भुंकत आणि दहीहंडीची पोरं नाक दाबून पळत. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस बोळातून ओरडून विचारी, "वाळलं का हो?" दर्शनाला निघालेल्या बायका वाट वाकडी करून बघून जात. दहाव्या दिवशी घोंगडी वाळली. भाऊजींनी तिची चौघडी घालून खुर्चीवर ठेवली, तीवर बसून पाहिलं आणि म्हणाले, "ऊबदार आहे."

पण बाबा घोंगडी टाकून नुसते गेले नव्हते. जाताना त्यांनी मला बोळाच्या तोंडापर्यंत नेलं होतं. अकोटचे एक बिजवर होते, पहिली बायको वारलेली, घरी बऱ्यापैकी, स्वभावानं गरीब. त्यांचा तिसऱ्यांदा निरोप आला होता. "तुळशीच्या लग्नापरेंत जवाईबापूची पत्रिका छापून आली त बरं," बाबा म्हणाले. "नाही त म्या अकोटवाल्याले सबद देऊन देतो. अक्का अठ्ठावीस वर्साची झाली, बापू. म्या कवापरेंत हसू?" एवढं बोलून त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, की बाबा गेली काही वर्षं हसून राहिले होते ते आम्हाला बरं वाटावं म्हणून.

अक्काला मी कार्ड टाकलं. तिचं उत्तर आलं: 'कळलं.' अकोटला नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. आम्ही घाबरलो ते त्यामुळे. अक्का एकवेळ अख्खा वर्ग नापास करील, पण वाक्य अर्धं सोडणार नाही.

भाऊजींना सांगितल्यावर त्यांनी धंदा बंद केला आणि दिवसाला दहा शीर्षकं पाडायला लागले. दसरा गेला. दिवाळी गेली. खिळे जुळव, मोड, जुळव, मोड, यात चाचांच्या बोटांना घट्टे पडले. शीर्षकं दिवसेंदिवस वाईट होत चालली. 'जीवनाची जुळणी.' 'हृदयांची बांधणी.' एक तर नुसतंच 'अखेर!' होतं, ते चाचांनी स्वतःच्या अखत्यारीत मोडून टाकलं. "मय्यत का कार्ड लगता है," ते म्हणाले.

तुळशीच्या लग्नाला चार दिवस असताना, रविवारी सकाळी अकोल्याची गाडी धरून, बडनेऱ्याला बदलून अक्का अमरावतीला आली. मी तिला स्टेशनवर घ्यायला गेलो. तिच्या हातात छत्री, काखेत फुलस्केप कागदांची गुंडाळी. ती छापखान्यात शिरली तशी भाऊजी घोंगडीवरून ताडकन उठले. बसायला त्यांनी तीच पुढे केली. अक्का बसली नाही.

"आठ वर्षं बाबांना तुम्ही काय सांगता?" तिनं विचारलं.

"हेच की... घोंगडं भिजत पडलंय."

"या वाक्यात कर्ता कोण?"

"घोंगडं."

"घोंगडं आपणहून विहिरीत उडी घेतं?"

भाऊजी बोटावरची शाई पुसायला लागले. चाचांच्या चिमटीतला खिळा हवेतच राहिला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. ते दोन वर्षांपूर्वीचं होतं.

"भिजत घातलं कुणी?"

"मी."

"पूर्ण वाक्यात सांगा."

"घोंगडं मी भिजत घातलं."

"कावून?" अक्का म्हणाली.

आठ वर्षं अकोल्याच्या पोरींना 'का' असं शुद्ध बोलायला शिकवणाऱ्या माझ्या बहिणीच्या तोंडून हा 'कावून' निघाला, आणि तो निघताना मध्येच जरा फाटला. भाऊजींनी मान वर केली. मुखपृष्ठाची मराठी बोलणारा तो माणूस खाली बघत, अंबागेटातल्या कुठल्याही माणसासारखा बोलायला लागला.

"लोकाइची पुस्तकं म्या वाचत नाही. म्हनून त्याइले नाव सुचते. आंधळ्यानं ठेवावं तसं ठेवून देतो. पन तुमी धाडलेलं एक एक कार्ड म्या वाचलं. मोर्णेचा पूर, त्या पोरीची विद्यार्थिनी, सारं पाठ हाये मले. वाचलेल्याले नाव सुचतच नाही. जे लिवतो ते लहान पडते."

चाचांनी चष्मा सोडून पुसला, आणि दोरा पुन्हा बांधताना त्यांना कान सापडेना. अक्का खिडकीकडे तोंड करून उभी होती. मग ती वळली, काखेतली गुंडाळी उघडली आणि एकदम वर्गातल्या आवाजात म्हणाली, "चाचा, खिळे घ्या. मजकूर मी सांगते. कागदाच्या अगदी वरच्या कडेपासून सुरू करा."

आणि तिनं सुरू केलं. आधी आमच्याकडचे दोन्ही आजोबा, मग त्यांच्याकडचे. मग दोन्हीकडच्या आत्या, आत्यांचे यजमान, मामा, माम्या, मावश्या, चुलते, साडू, व्याही, त्यांची त्यांची गावं: दर्यापूर, अचलपूर, मोर्शी, बार्शीटाकळी. मधूनच कुठेतरी वधू-वर. खाली पुन्हा आपले नम्र, आपले स्नेहाकांक्षी, आमच्या पानमळ्यातली सगळी माणसं, आणि सर्वांत शेवटी चाचा. चाचा घामाघूम होऊन मुंगीएवढे खिळे ओळीत दाबत होते. वरची कड भरली, खालची भरली, बाजूच्या दोन्ही भरल्या. भाऊजी हात चोळत मागेपुढे करत होते.

"वर फक्त एक ओळ," ते अजीजीनं म्हणाले. "एवढीशी. शीर्षकापुरती."

"कोणाला काढू?" अक्कानं विचारलं. "तुमच्या मोठ्या आईला?"

भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. दर्यापूरची मोठी आई एका पत्रिकेत आपलं नाव तिसऱ्या ओळीत गेलं म्हणून सख्ख्या भाच्याशी बारा वर्षं बोलली नव्हती.

"तुमच्या अचलपूरच्या मामांना काढू?"

"नको, नको!"

"मग?"

चाचांनी छाप काढून उजेडात धरला. "मास्टरजी," ते मला म्हणाले, "मख्खी को बैठने जगा नहीं बची."

"नाव ठेवायला जागाच ठेवली नाही," अक्का म्हणाली, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा भाऊजींच्या समोर हसली.

ती पत्रिका वऱ्हाडातल्या छपाईचा चमत्कार म्हणून सांगण्यासारखी आहे. तिच्यात एकशे बारा माणसं होती आणि लग्न कुणाचं ते भिंगाखेरीज सापडत नव्हतं. मोर्शीचे काही पाहुणे केवळ 'आपल्याला बोलावलंय ते कोणी' एवढं बघायला मांडवात आले आणि जेवून तृप्त झाले. बाबांनी तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अकोटच्या गृहस्थांना नकाराबरोबर शंभर पानांचा एक जुडगा पाठवला. भाऊजी झाले एकदाचे जावई. 'घोंगडे' या सागवानी ठशाला अक्कानं स्वयंपाकघरात काम दिलं. वाऱ्यानं आपटणारं मागचं दार त्यानं अडवलेलं असायचं. ठसा गेला आणि छापखान्याचं तत्त्वज्ञानही गेलं. आता आलेली बाडं अक्का वाचू लागली, जेवताना भाऊजींना वाचून दाखवू लागली, आणि वाचल्यामुळे भाऊजींना नावं सुचेनाशी झाली. त्यांच्याकडची पुस्तकं 'रामाचा वनवास', 'पोटाचे विकार' अशा बावळट नावांनी निघायला लागली. पुढच्या काळात वऱ्हाडातल्या साहित्याला उतरती कळा लागली असं जे जाणकार म्हणतात, त्याचं कारण आमच्या घरात आहे. मी कुणाला सांगितलेलं नाही.

बाबा पिकलं पान होऊन गेले, चाचा नमाजाला बसले असतानाच गेले. आणि एका पौषात अक्का आठ दिवसांच्या तापानं गेली. तिला काही पंच्याहत्तर वर्षं झाली नव्हती. पन्नासही नव्हती झाली.

तेराव्याची पत्रिका भाऊजी स्वतः जुळवतो म्हणाले. मला मनातून धास्ती वाटली. आता पुन्हा जुळव-मोड सुरू होणार, तेरावं येऊन जाईल, गावाला हसायला निमित्त होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी छापखान्यात गेलो, तर पत्रिका छापूनसुद्धा झालेल्या. गठ्ठा बांधून कडेला ठेवलेला. भाऊजी खुर्चीत, त्या घोंगडीवर.

मी एक पत्रिका उचलली. तळाला तीन ओळी होत्या. अक्काचं नाव, दिवस, ठिकाण. वेलांट्या सगळ्या बरोबर. त्याच्या वरचा सगळा कागद कोरा होता.

"भाऊजी," मी हळूच म्हणालो, "वरचं छापायचं राहिलं का?"

"नाही राहिलं," ते म्हणाले. "या डावाले जागा ठेवली. भरपूर ठेवली." मग घोंगडीच्या टोकाची एक दशी ते बोटाला गुंडाळत राहिले. "नाव सुचून नाही राहिलं."

"मग काय करायचं?"

त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"राहू दे भिजत," ते म्हणाले. "वाटून ये."

मी वाटून आलो. कुणी उलटून पाहिली, कुणी उजेडात धरून पाहिली, दोघाचौघांनी चुकीची दिली म्हणून दुसरी मागून घेतली. माझ्या पेटीत आता दोन पत्रिका आहेत, एकीवर एक ठेवलेल्या. वरचीत टाचणी टोचायला जागा नाही. खालची अजून कोरी आहे.